ताई एसटीने का जायला लागली?

पोस्ट मोठी आहे. गाड्या, गतिरोधक आणि माझीच एक जुनी बातमी, असं सगळं एकात एक गुंतलंय. वेळ असेल तरच वाचा.

माझी थोरली बहीण दोन महिने झाले मिरजेला एसटीने जाते, हे मला एका कंडक्टरने सांगितलं. स्टँडवर चहा घेत होतो, तर म्हणाला, "तुमच्या ताई परवा गर्दीत उभ्या होत्या, मीच पुढची सीट रिकामी करून दिली." मी हो हो म्हणालो, पण घास अडकल्यासारखं झालं. ताईचं दीड वर्षापूर्वी मणक्याचं ऑपरेशन झालंय. दर मंगळवारी फिजिओथेरपीला मिरजेला जावं लागतं. दारात गाडी आहे. भाचा एमआयडीसीत आहे आणि त्याने साप्ताहिक सुट्टी मुद्दाम मंगळवारची मागून घेतलीय, आईला न्यायचं म्हणून. मग ही बाई एसटीत उभी का?

विचारलं तर म्हणाली, "अरे पुढच्या सीटवर बसलं की वारा लागतो. बरं वाटतं."

भाच्याला विचारलं तर म्हणाला, "मामा, ती म्हणते मैत्रिणी असतात सोबत. माझ्यासोबत कंटाळा येतो तिला."

दोघंही खोटं बोलत नव्हते आणि दोघंही खरं बोलत नव्हते. वीस वर्षं बातमीदारी केल्यावर एवढं कळतं.

पुढच्या रविवारी एका वास्तुशांतीला जायचं होतं. मी मुद्दाम भाच्याच्या गाडीत बसलो. तो चालवायला, शेजारी दाजी, मागे ताई, मी आणि दाजींची बहीण. डिकीत आहेराचं सामान आणि तांदळाचं पोतं. गाव सुटायच्या आत मला उत्तर मिळालं. पहिल्या गतिरोधकावर गाडीने मागून असा दणका दिला की माझे दात एकमेकांवर आपटले. ताईने वरची दांडी दोन्ही हातांनी धरली होती आणि डोळे मिटले होते. तोंडातून एक शब्द नाही. दुसऱ्या गतिरोधकाआधी तिने हळूच बूड सीटवरून उचललं आणि हातावर लोंबकळल्यासारखी झाली. ऑपरेशन झालेली पंचावन्न वर्षांची बाई! पोराला वाईट वाटू नये म्हणून ही गाडीत हातावर लोंबकळत होती, आणि ते जमेना तेव्हा एसटी धरली.

गाडी 'बसवलेली' आहे. आमच्याकडे हाच शब्द आहे. गाडी खाली घेतली की ती बसली. चाकाच्या कमानीत टायर अर्धा गडप झालेला दिसतो, गाडी रस्त्याला चिकटल्यासारखी वाटते. इन्स्टावर त्याने फोटो टाकला तेव्हा मी स्वतः त्याला बदाम टाकला होता. त्यामुळे 'आजकालची पोरं' वगैरे मी लिहिणार नाही. दिसायला देखणी दिसते, हे मान्यच करायला पाहिजे.

आणि गाडी खाली घेण्यात अक्कल नाहीच, असंही नाही. गाडीचा गुरुत्वमध्य जितका खाली, तितकं वळणावर वजन बाहेरच्या चाकांवर कमी फेकलं जातं. शर्यतीच्या गाड्या रस्त्याला घासतील इतक्या खाली असतात त्या काही फोटोसाठी नव्हे. फक्त त्यांच्या रस्त्यात गतिरोधक नसतात आणि मागे ताई बसलेली नसते.

सोमवारी भाच्याला घेऊन चाचांकडे गेलो. चाचा म्हणजे आमच्या गावातलं जुनं गॅरेज. त्यांनी ॲम्बेसेडरचे पाटे बदललेत, फियाटचे बदललेत, आता स्कॅनर लावून गाड्या बघतात. त्यांनी मागचं चाक काढलं, टॉर्च मारला आणि भाच्याकडे न बघता मला म्हणाले, "पत्रकार साहेब, पेन द्या जरा."

दिलं. त्यांनी पेन खोललं, आतली बारीक स्प्रिंग काढली, पकडीने तिचा एक तृतीयांश तुकडा तोडला आणि उरलेली माझ्या हातावर ठेवली. मग दुसऱ्या पेनातली आख्खी स्प्रिंग दिली. "दाबा दोन्ही. कडक कुठली लागते?"

तोकडी कडक लागते. लगेच कळतं.

"हेच केलंय त्या भाद्दराने. ग्राइंडर मारलाय."

भाच्याने दुसऱ्या गावात कुठेतरी दोन हजारांत हे काम करून घेतलं होतं. सहा वेढ्यांच्या स्प्रिंगचे दीड वेढे कापले. साडेचार राहिले. स्प्रिंगचा कडकपणा वेढ्यांच्या उलट प्रमाणात असतो, म्हणजे सहा भागिले साडेचार, साधारण एक तृतीयांश कडकपणा वाढला. मला वाटलं, मग बरंच की! कडक झाली म्हणजे वजन जास्त पेलेल. भाच्यालाही त्या माणसाने हेच सांगितलेलं, 'स्पोर्टी होईल आणि लोडही घेईल'.

चाचांनी बॉनेटवर खडूने हिशेब मांडला. आकडे उदाहरणादाखल, गाडीगणिक वेगळे असतात, पण हिशेब सगळीकडे हाच. समजा मूळ मागच्या दोन स्प्रिंगा मिळून एक मिलिमीटर दबायला पाच किलो लागतात. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान, धरा २४० किलो मागच्या चाकांवर आले. गाडी ४८ मिलिमीटर बसणार. रिकाम्या गाडीत खालच्या रबरापर्यंत ७० मिलिमीटर जागा होती, तर २२ मिलिमीटर उरली. खड्डा आला, गतिरोधक आला, तर चाकाला वर यायला तेवढी जागा आहे. आता कापलेली स्प्रिंग घ्या. गाडी ४५ मिलिमीटर खाली आली, म्हणजे रिकामी असतानाच जागा उरली २५. स्प्रिंग कडक झाल्यामुळे तेच २४० किलो आता ४८ ऐवजी ३६ मिलिमीटरच दाबतील. पण ३६ मिलिमीटर दबायला जागाच २५ ची आहे! म्हणजे सगळे बसले की गाडी स्प्रिंगवर राहतच नाही. ती रबरावर बसते. तिथून पुढे जो काही दणका येईल तो थेट बॉडीला, सीटला आणि माणसाच्या पाठीला.

ते रबर चाचांनी काढून दाखवलं. बेसनाच्या वडीसारखा हातात चुरा झाला.

हे रबर शेवटच्या क्षणी, वर्षातून चार वेळा मोठा खड्डा लागला तर वाचवायला असतं. भाच्याच्या गाडीत ते रोज काम करत होतं.

आता पाठीचं. स्प्रिंगवर झुलणारी चांगली गाडी सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली होते. आपण चालतानाही जवळपास याच लयीत हिंदकळत असतो, म्हणून ते शरीराला खपतं. बसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास देणारे उभे धक्के सेकंदाला चार ते आठ वेळा होणारे. जगभरात गाड्यांचा आराम मोजताना हाच पट्टा सगळ्यात वाईट धरतात. गाडी रबरावर बसली की स्प्रिंगचं काम संपतं आणि ती जवळपास टायरच्या हवेवर उडायला लागते, म्हणजे झुलण्याचा वेग त्या वाईट पट्ट्याकडे सरकतो. ताईला हे आकडे माहीत नाहीत. तिने पाठीने मोजले आणि एसटी पकडली. एसटीही काही मखमल नाही, पण तिच्या स्प्रिंगला दबायला जागा असते, आणि पुढे बसलं तर मागच्या चाकाचा दणका बसत नाही. वारा वगैरे नंतर.

भाचा इतका वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "चाचा, मग खाली घ्यायचीच नाही का? चांगल्या किट मिळतात की."

चाचांनी उडवून लावलं नाही, हे मला आवडलं. म्हणाले, होतं, पण कापून होत नाही. मुळात पंचेचाळीस नाही, वीस-पंचवीस मिलिमीटरचीच आशा धरायची. स्प्रिंग त्या उंचीसाठीच घडवलेली पाहिजे. तिचे काही वेढे जवळजवळ आणि काही लांब लांब असतात. रिकाम्या गाडीत सगळे वेढे काम करतात, म्हणून मऊ लागते. वजन पडलं की जवळचे वेढे एकमेकांना टेकतात, काम करणारे वेढे कमी होतात आणि ती आपोआप कडक होते. दोन माणसांना आराम आणि पाच माणसांना ताकद, असं एकाच स्प्रिंगमध्ये. शॉकॲब्सॉर्बर तोकडा आणि त्या स्प्रिंगच्या जोडीचा घ्यायचा. लांब शॉक तसाच ठेवला तर गाडी जॅकवर घेतली की स्प्रिंग ढिली होऊन बैठकीतून सुटते. भाच्याची सुटतच होती. रबरही तोकडं पण मऊ फोमसारखं घ्यायचं, म्हणजे ते हळूहळू दाबलं जातं, भिंतीवर आपटल्यासारखं होत नाही. आणि मागे वजन नेहमीचंच असेल तर स्प्रिंगच्या आत बसणारी हवेची पिशवी मिळते, पाहुणे आले की हवा भरायची, गेले की सोडायची.

उंचीही आणि आरामही, हे कोडं जगात नवीन नाही. फ्रान्सच्या सित्रोएनने १९५५ साली डीएस नावाची गाडी आणली, तिच्यात पोलादी स्प्रिंगच नव्हत्या. गोळ्यात दाबलेला वायू आणि तेल. माणसं बसली की गाडी तेल भरून स्वतःला पुन्हा मूळ उंचीवर उचलायची. उंची चालकाला कमीजास्त करता यायची. म्हणजे खालीही घेता येते, आरामही राहतो, वजनही पेलतं, पण त्यासाठी अख्खी यंत्रणा पाहिजे, दोन हजारांचा ग्राइंडर पुरत नाही.

चाचांनी आणखी दोन गोष्टी दाखवल्या, त्या गाडी बसवलेल्या प्रत्येक पोराने बघाव्यात. एक, टायर. बारीक कडेचे टायर टाकताना भाच्याने फक्त रुंदी बघितली. टायरच्या कडेला मापानंतर एक आकडा असतो, तो वजनाचा. त्याच्या दारावरच्या कंपनीच्या स्टिकरवर ८२ होता, म्हणजे एका टायरला ४७५ किलो. याने बसवले ७९ चे, म्हणजे ४३७. दिसायला तीनचा फरक, प्रत्यक्षात टायरमागे ३८ किलो. दुसरं, काही गाड्यांत, जास्त करून व्हॅन आणि मालाच्या गाड्यांत, मागच्या ब्रेकला एक व्हॉल्व्ह असतो, तो गाडीची मागची उंची बघून ब्रेकचा जोर ठरवतो. गाडी खाली घेतली की त्याला वाटतं माल भरलाय. तो रिकाम्या गाडीला भरलेल्या गाडीचा ब्रेक देतो आणि पावसात मागची चाकं लॉक होतात. वळणावर झुकत नाही म्हणून खाली घेतली म्हणणाऱ्यांनी हेही ऐका: समोरच्या चाकांच्या रचनेमुळे जास्त खाली घेतलेली गाडी कधी कधी आधीपेक्षा जास्त झुकते. शिवाय अलाइनमेंट केली नाही तर टायर आतून खाल्ले जातात, ते वेगळंच.

कायद्याचंही सांगतो, कारण इनबॉक्समध्ये विचारणारच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल चालणार नाही असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे काटेकोर बोलायचं तर महागडी किट टाकली तरी तुम्ही सुरक्षित नाही. विम्याच्या वेळी हा मुद्दा निघाला तर तोंड कुणाला दाखवणार?

इथपर्यंत लिहून पोस्ट संपवली असती तर मी बरा पत्रकार दिसलो असतो. पोरगं चुकलं, मामाने शहाणं केलं, लाइक करा.

पण गॅरेजमधून निघताना भाच्याने एक वाक्य टाकलं. "मामा, गाडी खाली आहे, कबूल. पण शाळेपुढचा तो गतिरोधक तर चाचांच्या कंपनीच्या गाडीलाही घासतो. तो बघा की."

तो गतिरोधक माझा आहे.

म्हणजे असं. काही वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या शाळेपुढे एका डंपरने चौथीतल्या मुलाला उडवलं. वाचला, पाय मोडला. मी सलग तीन बातम्या केल्या. 'आणखी किती पाय मोडल्यावर?' असा मथळा होता. आठव्या दिवशी गतिरोधक झाला. आम्ही 'बातमीचा दणका' म्हणून चौकटीत छापलं, फोटोसकट. सत्कार झाला, नारळ मिळाला, तो फोटो अजून माझ्या प्रोफाइलवर आहे. तो गतिरोधक रात्रीतून कुणी घातला, कुठल्या मापाने घातला, हे मी विचारलं नाही. पुढच्या पावसाळ्यात तिथेच मोटारसायकलवर मागे बसलेली एक बाई उडून पडली. डोक्याला मार लागला, आठ दिवस मिरजेत होती. ती बातमी मी आतल्या पानावर चार ओळींत दिली. 'गतिरोधकाचा अंदाज न आल्याने.' अंदाज न आल्याने! म्हणजे चूक चालवणाऱ्याची.

मंगळवारी पहाटे मी आणि भाचा टेप आणि दोरी घेऊन तिथे गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोरी ताणून उंची मोजली. पंधरा सेंटिमीटर. रुंदी, म्हणजे गाडी ज्या दिशेने जाते त्या दिशेची लांबी, एक मीटर दहा सेंटिमीटर. पांढरे पट्टे नाहीत, आधी फलक नाही.

भारतीय रस्ते काँग्रेसचं गतिरोधकाचं माप जुनंच ठरलेलं आहे. गोलाईचा गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, ताशी २५ किलोमीटरने पार करता यावा असा. म्हणजे आमच्याकडे उंची दीडपट आणि रुंदी तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. ताशी २० ने गेलात तर नियमातल्या गतिरोधकाला ओलांडायला चाकाला साधारण दोन तृतीयांश सेकंद मिळतो, आमच्या गतिरोधकाला सेकंदाचा पाचवा भाग. तेवढ्यात स्प्रिंगने पंधरा सेंटिमीटर चढायचं आणि उतरायचं. कुठल्या गाडीची स्प्रिंग हे करेल? भाच्याच्या गाडीची मूळ, कंपनीची उंची १६५ मिलिमीटर होती. रिकामी गाडी १५० च्या गतिरोधकावरून बोटभर अंतराने निघेल. पाच माणसं बसवून बघा. घासणार. चेंबर फुटला तर तेल रस्त्यावर आणि इंजिन जाम.

माझ्या घरापासून मिरजेच्या वाटेवर मी एकूण अकरा गतिरोधक मोजले. नियमाच्या जवळ जाणारा एकही निघाला नाही. पण त्यातला सगळ्यात वाईट माझ्या बातमीचा, हे मला सोसत नाही. शाळेपुढे गतिरोधक पाहिजेच होता, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. मी टेप घेऊन जायला पाहिजे होतं, तो फोटो काढण्याआधी.

संबंधित कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज दिलाय: हे अकरा गतिरोधक कुणाच्या आदेशाने, कुठल्या मोजमापाने, किती खर्चाने झाले. सोबत शाळेपुढचा गतिरोधक नियमाप्रमाणे रुंद करावा, काढू नये, असं वेगळं पत्र. काढू नये हे मुद्दाम लिहिलंय, कारण आमच्याकडे तक्रार केली की दुसऱ्या दिवशी जेसीबी येतो आणि पोरं पुन्हा डंपरपुढे. अर्जाला तीस दिवसांची मुदत आहे, आज बारावा.

भाच्याने गाडीचं स्वतःहून केलं. पंचवीस मिलिमीटरची किट बघितली, किंमत बघितली, कायदा वाचला आणि मूळ स्प्रिंगा परत टाकल्या. मागचे शॉक नवे, रबरं नवी, टायर ८२ चे, अलाइनमेंट. चौदा हजार गेले. गाडी उंच झाल्यावर दोन दिवस तो तिच्याकडे बघायलाही तयार नव्हता. "सासुरवाडीला निघालेल्या म्हाताऱ्यासारखी दिसते," म्हणाला. खरं आहे.

आधीच्या मंगळवारी ताईने पुन्हा एसटीच धरली. सवय, आणि थोडी भीती. या मंगळवारी मी मागे तिच्या शेजारी बसलो. शाळेपुढे भाच्याने गाडी जवळपास थांबवली आणि तिरकी घेऊन एकेक चाक उतरवलं. मी ताईच्या हाताकडे बघत होतो. दांडीकडे गेला, पण धरली नाही.

"बसलं का काही पाठीत?" भाच्याने आरशातून विचारलं.

"इथं बसणारच की," ताई म्हणाली. "हा तुझ्या मामाचा ना?"

तुमच्या दारातल्या गतिरोधकाची उंची आणि रुंदी टेपने मोजून फोटोसकट कमेंटमध्ये टाका. दोरी दोन्ही बाजूंनी रस्त्याच्या सपाटीला धरा, नाहीतर माप चुकतं. तीस दिवस संपले की उत्तर आलं की नाही ते इथेच लिहीन, आणि नाही आलं तर अपिलात हे सगळे आकडे सोबत जोडतो.